नावाची हळद

वेरूळच्या लेण्यांकडून आलेल्या गाड्या रिसॉर्टच्या फाटकात वळल्या, तेव्हा आवडाबाई जात्यापुढं बसून पदर खोचत होती. दर शनिवारी इथं खोटं लग्न लागायचं. सारवलेलं अंगण, जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव आणि पाटावर नवरी म्हणून तिचीच लेक बाना. पाहुणे ओव्या ऐकत, नवरीला हळद लावत, फोटो काढत आणि जेवून जात.

लेकीला पाटावर बसू दिलं होतं ते एकाच गोष्टीच्या भरवशावर. आवडाबाईच्या मेंढपाळ भावकीत हळद दळताना ओवीत नवरीचं नाव गुंफतात. नाव गुंफलं, की हळद त्या पोरीची. ती जन्मात एकदाच. नाव नसलं, तर नुसता मसाला. म्हणून इथं आवडाबाई ‘नवरी माझी बाई’ एवढंच म्हणायची आणि नावाची ओवी गिळून टाकायची. पाहुण्यांना काय कळतंय?

पण चितेगावच्या पुतळाबाईला कळत होतं. तिच्या लेकाशी बानाची सोयरीक ठरत आली होती, आणि पोरीला आठवड्याच्या आठवड्याला हळद लागते हे तिच्या कानी गेलं होतं. असली सून नको, असा तिनं निरोप धाडला. आवडाबाईनं उलट कळवलं, की या, कान देऊन ऐका. नाव निघालं तर सोयरीक मोडा.

आज पुतळाबाई आली होती. मांडवाच्या शेवटच्या मेढीला टेकून, पदराचं टोक दातात धरून बसली होती.

आणि आजच मॅनेजर सूर्यभान जात्यापाशी येऊन वाकला.

“मावशी, नावाची ओवी तुम्ही खाता. मी चौकशी केलीय. आज शूटिंगवाले आलेत, त्यांना अस्सल पाहिजे.”

“नाव घेता येत नाय, साहेब.”

“नाटकच आहे ना हे? नाटकात कुणाचं लग्न लागतं का?”

“मग तुमचं घेते. बसा पाटावर.”

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. नाव नसेल तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या बाया बघतो, एवढं बोलून तो कॅमेऱ्यामागं गेला. मेंढरं विकल्यापासून आवडाबाईची चूल याच मांडवावर पेटत होती.

तिनं खुंटा धरला.

हळद दळिते गं, पिवळं झालं माझं हात
पहिली मूठ देवा, बिरोबाच्या घोंगड्यात
हळद दळिते गं, पिवळी झाली वसरी
नवरी माझी बाई, मेंढराआड हसरी

पुढची ओवी नावाची. पुढं म्हणा, असा सूर्यभाननं हात हलवला. आवडाबाई पुन्हा पहिल्या ओवीवर गेली. त्यानं पुन्हा हात हलवला. ती पुन्हा घोंगड्याच्या ओळीपाशी आली. जातं फिरत होतं.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. सूर्यभान माईकवर सांगत होता, की आता आई लेकीचं नाव ओवीत घेणार. नाव आहे बानाबाई. सगळ्यांनी म्हणायचं.

“बाना! बाना!” पाहुणे टाळ्यांवर म्हणू लागले. कुणी बन्ना म्हणे, कुणी बॅना. फिरत्या जात्यावर नाव पडत राहिलं.

मेढीपाशी पुतळाबाई उठून उभी राहिली.

आवडाबाईनं खुंटा सोडला, दोन्ही हातांनी जात्याचा वरचा दगड उचलला आणि बाजूला आपटला. अर्धी हळद धुळीत गेली. दळतं जातं कुणी उचलत नाही. उचललं तर ती हळद कुणाचीच राहत नाही, आणि उचलणारीचा हात पुन्हा शुभाच्या जात्याला लागत नाही.

पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले. सूर्यभाननं माईक बंद केला आणि उद्यापासून फाटकात दिसू नका म्हणाला.

पुतळाबाई गर्दीतून पुढं आली. बानाचे दंड, गाल, कपाळ तिनं निरखून पाहिलं. कुठंच पिवळं नव्हतं.

“नाव त्यांनी घेतलं, तुम्ही नाय,” ती म्हणाली. “पोर कोरी हाय. तारीख कळवते, विहीणबाई.”

आवडाबाईनं हाताची हळद पदराला पुसली.

“पर एक हाय,” पुतळाबाईचा आवाज खाली आला. “लेकीच्या हळदीला खुंट्यावर तुमचा हात चालायचा नाय. ओवीबी नाय.”

“ठावं हाय मला.”

घराच्या वाटंला बानानं विचारलं, की माझ्या हळदीला नाव कोण घेईल?

“सरूचुलती,” आवडाबाई म्हणाली. “गळा फुटक्या घागरीवानी हाय तिचा. उद्यापासून बसवते शिकायला.”