आधी पक्का, मग कच्चा

सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी त्या वर्षी निबंधाची नवी पद्धत काढली होती. घरी आधी कच्चा खर्डा लिहायचा, तो स्वतःच तपासून दुरुस्त करायचा, मग पक्का निबंध उतरवायचा आणि दोन्ही कागद जोडून द्यायचे. खर्ड्यातल्या खाडाखोडीला पाच गुण. खाडाखोड दिसली की पोराचं डोकं चाललं असं समजावं, हे बाईंचं ठाम मत.

तिसऱ्या निबंधाला बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वर्गात एक काटकुळी, अबोल मुलगी होती. सगळे तिला टाचणी म्हणत. तिचा पक्का निबंध बाईंनी दोनदा वाचला, इतका तो नेटका होता. आणि खर्डा? ‘पाउल’ खोडून ‘पाऊल’ केलेलं, ‘जीना’ खोडून ‘जिना’ केलेलं. वर्गातल्या शुद्धलेखनात ही पोरगी एकदाही चुकली नव्हती. शिवाय प्रत्येक चूक पट्टीने आखल्यासारखी खोडलेली.

“घरी कोणीतरी लिहून देतंय,” शिक्षकखोलीत गणिताचे सर म्हणाले. “मी सांगतो ना, पाणी मुरतंय कुठेतरी.”

बाईंनी खर्ड्याचा कागद खिडकीपाशी तिरपा धरला. त्यावर पेनाचे वळ उठले होते, आणि ते पक्क्या निबंधातल्या शब्दांचे होते! म्हणजे हा कागद खाली ठेवून पक्का निबंध आधीच लिहिला गेला होता.

बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी भर वर्गात विचारलं, “कोणाचा उतरवलास हा निबंध?”

“माझाच आहे, बाई.”

“खोटं बोलू नकोस.”

टाचणीचे कान लाल झाले. ती मान खाली घालून जागेवर बसली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तिची आई आली. ती शिवणाच्या दुकानात कामाला होती. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. “बाई, घरात आम्ही दोघीच,” ती म्हणाली. “मला सहीपलीकडे लिहिता येत नाही. लिहून देणार कोण?”

बाईंना ते खरं वाटलं नाही. शेजारीपाजारी, दादा-ताई, कोणीतरी असणारच. छडा लावायचाच म्हणून शाळा सुटल्यावर त्यांनी टाचणीला समोर बसवलं, दोन कोरे कागद दिले आणि विषय दिला, ‘बंद दुकान’. आई दाराशी उभी राहिली.

वीस मिनिटं पोरीने पेन उचललं नाही. नुसती ओठ हलवत भिंतीकडे बघत होती. सापडली, बाईंनी मनात म्हटलं.

मग तिने लिहायला घेतलं ते एका दमात. कुठे अडली नाही, कुठे खोडलं नाही. पान भरलं. पेन खाली ठेवेल असं वाटलं, तर तिने दुसरा कागद ओढला आणि तोच मजकूर पुन्हा लिहू लागली, मुद्दाम चुका करून.

“हे काय चाललंय?”

“कच्चा करतेय, बाई. नाहीतर तुम्ही पाच गुण कापता.”

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. तरी त्यांनी विचारलं, “मग दुरुस्ती कधी करतेस?”

“लिहायच्या आधी, मनात. आत्ता पहिलं वाक्य होतं, ‘दुकान उदास दिसत होतं’. ते काढलं. उदास मालक होता, दुकान कसं असेल?”

बाईंनी पान वाचलं. पहिलं वाक्य होतं, ‘मालकाने कुलूप लावलं आणि ते लागलंय का, हे चारदा ओढून पाहिलं.’

आई म्हणाली, “घरी भांडी घासताना पण अशीच पुटपुटते. मी म्हणायचे, वेड लागेल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गातच तिची माफी मागितली. खाडाखोडीचे पाच गुण त्यांनी रद्द केले. त्याऐवजी, लिहिताना कोणतं वाक्य काढलं आणि का, हे प्रत्येकाने तोंडी सांगायचं ठरलं. पोरं खूश झाली. गणिताचे सर मात्र “तरीपण...” म्हणत राहिले, बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

टाचणी खूश दिसली नाही. दोन आठवडे ती निबंध टेबलावर ठेवायची आणि बाईंकडे न बघता परत जायची. बाईंनीही तिला छेडलं नाही. आपणच केलेलं आहे, निस्तरायला वेळ लागणार, हे त्यांना कळत होतं. तिसऱ्या आठवड्यात ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

“बाई, एक वाक्य काढू की ठेवू, कळत नाहीये. ऐकता?”

बाईंनी हातातल्या वह्या बाजूला सारल्या.