एदुविना होडीतून लग्नाला गेली

बारा वाजता चर्चमध्ये लग्न आणि नवरदेव समुद्रात! एदुविनाला रडावं की हसावं कळेना.

वाल्परायसो बंदराच्या टेकड्या सकाळपासून माणसांनी फुलल्या होत्या. इंग्लंडात बांधलेली नवी विनाशिका आज पहिल्यांदा घरी आली होती. तिच्या बॉयलरवर काम करणारा बेलिसारिओ हा एदुविनाचा होणारा नवरा. जहाज बांधून होईपर्यंत पठ्ठ्या दोन वर्षं तिकडेच होता. शिवणकाम करणाऱ्या एदुविनानं लग्नाचा झगा स्वतः शिवला, तारीख पत्रांतून ठरली, आणि आता धक्क्यावरचा शिपाई सांगत होता, "उद्या मंत्री येणार. तोवर जहाजावरून कुणीही खाली उतरायचं नाही."

"उतरायचं नाही ना?" एदुविना म्हणाली. "वर चढायचं नाही असं कोण म्हणालं?"

"अगं कार्टे, लोक काय म्हणतील!" आई किंचाळली.

"टाळ्या वाजवतील. बस होडीत, आणि ती एम्पानादांची, सारण भरलेल्या करंज्यांची टोपली घे."

होडीवाल्या एव्हारिस्तोकाकांनी वल्ही उचलली. पाद्री आन्सेल्मो डोळे घट्ट मिटून मध्ये बसले. "पोरी, मला पोहता येत नाही."

"फादर, तुम्हांला लग्न लावायचंय, पोहायचं कुठे?"

होडी जवळ जाताच खलाशी कठड्याशी गोळा झाले. शिट्ट्यांचा नुसता पाऊस! वरून एक अधिकारी कर्ण्यातून ओरडला, "होडी मागे घ्या! ही युद्धनौका आहे!"

"आणि मी नवरी आहे!" एदुविनानं उलट ओरडून सांगितलं.

गलका ऐकून कप्तान आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग खाली वाकून पाहिलं. वाऱ्यानं नवरीची ओढणी आन्सेल्मोंच्या तोंडावर गुंडाळली गेली होती आणि ते आतूनच प्रार्थना म्हणत होते. कप्तानाला हसू आवरेना. "पहिल्याच दिवशी जहाजावर हल्ला झाला," तो म्हणाला, "आणि आपण हरलो. शिडी सोडा!"

बेलिसारिओला खालून बोलावलं. कसली शिक्षा होणार या धास्तीनं तो धापा टाकत वर आला, नखशिखांत तेलानं माखलेला. ओठावर नवीन मिशी. क्षणभर दोघंही लाजली.

"आंघोळ तरी करायचीस," ती म्हणाली.

"मला वाटलं, लग्न आता उद्याच."

"दोन वर्षं थांबले. आणखी एक दिवस थांबायची ताकद नाही माझ्यात."

त्यानं तिला कवेत घेतलं आणि पांढऱ्या झग्याच्या पाठीवर दोन काळे पंजे उमटले. आईनं कपाळ बडवलं. जहाजावरच्या बँडला लग्नाची धून येत नव्हती. त्यांनी संचलनाचीच धून दुप्पट वेगानं वाजवली. आन्सेल्मोंनी जहाज हलतंय म्हणून अर्ध्या प्रार्थना गाळल्या, पण 'हो' दोघांकडूनही नीट वदवून घेतलं. एम्पानादा पन्नास आणि माणसं दोनशे, तरी सगळ्यांना घास मिळाला. कप्तान तर रुमाल फडकावत नवरीबरोबर क्वेका नाचला.

पण हुकूम म्हणजे हुकूम. नवरी नवऱ्याला मागे ठेवून आई आणि फादरांबरोबर शिडीवरून होडीत उतरली. पोट धरून हसता हसता तिला वल्ह्यांचा आवाजही ऐकू येईना. थोडं दूर गेल्यावर ती होडीत उभी राहिली आणि ओरडली, "उद्या जेवायला ये रे, नवरोबा!"

कठड्यावरून दोनशे गळ्यांनी एकदम उत्तर दिलं, "येतो!"