जाऊबाईंच्या तोंडची चव

थोरलीने बशीतला दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "छान झालंय हो."

तिच्या नवऱ्याचा चमचा तोंडापाशी थांबला. धाकट्या दिराने पाण्याचा पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. आणि जिने ही सफरचंदं शिजवून, वर पिठाची पोळी पसरून भट्टीत भाजली होती, ती धाकटी जाऊ थोरलीकडे बघतच राहिली. ती या घरात आल्यापासून तिच्या हातच्या पदार्थाबद्दल थोरलीची मजल फार तर 'बरंय' इथवर गेली होती, तीही पाहुणे समोर असले तर.

थोरलीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी चुकलं होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

कळणार तरी कसं? मागच्या आठवड्यातला ताप गेला, तो जाताना तिच्या तोंडची चव घेऊन गेला होता. आज येईल, उद्या येईल म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रोज पहाटे देवापुढे हात जोडून झाले की ती चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघायची. वाळू ठेवल्यासारखं वाटायचं. देवाशी भांडण काढायचा तिचा स्वभाव नव्हता. पण ऐन सायडरच्या, सफरचंदाचा रस काढून पिंपात आंबवायच्या हंगामात?

"जेवण झालं की मिश्रण सांग," नवरा उठता उठता म्हणाला. "चरक धुऊन ठेवलाय. पिंपंही वाफेवर धरून झाली."

"सांगते," म्हणून ती फळांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

खोलीत फळ्यांवर सफरचंदं जातवार मांडलेली होती. सासूबाईंनी ठेवलेली नावंच अजून चालत होती. आंबटढाण ते 'रडकं'. कच्चं कुणी खाऊ शकत नाही असं तुरट, ते 'खडूस'. गोड ते 'गोडबोलं'. खरबरीत, सुरकुतल्या सालीची ती 'म्हातारी'. आणि शिजवताच लोण्यासारखं विरघळणारं 'मऊशार', ते स्वयंपाकघराचं, चरकात जायचं नाही. बाकीच्यांचं प्रमाण दरवर्षी चाखूनच ठरायचं, कारण तेच झाड एका वर्षी लाड करतं आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवतं. सासूबाईंनंतर हे काम थोरलीचं होतं. ते चुकलं तर वर्षभराचा सायडर फिक्का. आणि चव नसलेल्या बाईला या खोलीत कोण उभं करणार?

तिने खडूस चावलं. तोंड कोरडं पडलं, जीभ टाळूला चिकटली. ठीक. रडकं चावलं, तर दात आंबले. हेही ठीक. मग गोडबोलं. काहीच नाही. ओला कापूस चघळावा तसं. म्हातारीचंही तेच.

दार वाजलं. धाकटी उरलेली बशी घेऊन आत आली आणि दार पाठीने बंद करून तिथेच टेकून उभी राहिली.

"साखर घालायची विसरले होते मी," ती म्हणाली.

थोरलीने हातातली अर्धी म्हातारी फळीवर ठेवली.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा छान म्हणालात, जाऊबाई, तेही साखर नसताना! मी हसू की रडू?"

थोरली उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसली. "ह्यांना काही बोलली नाहीस ना?"

"कशाला बोलू? त्यांना वाटतंय, माझं मन राखायला म्हणालात. मायाळू म्हणून नाव झालंय तुमचं घरात."

"अगंबाई! ते तर आणखीच वाईट."

दोघींनाही हसू आलं. हसता हसता थोरलीचे डोळे भरून आले, तशी धाकटीने बशी फळीवर ठेवली आणि पदराला हात पुसले. "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि एकट्याच घेऊन बसलात? द्या इकडे ते गोडबोलं."

"तुला नाही जमायचं. तू चहातसुद्धा दालचिनी घालतेस."

"तुम्ही विचारा तर."

थोरलीने फोड कापून दिली. धाकटीने डोळे मिटून चावली. "गोड आहे. पण साखर विरघळलेलं पाणी असतं तसं. मागे काही राहत नाही."

"यंदा ऊन कमी पडलं त्याला. आता म्हातारी."

धाकटी बराच वेळ चघळत राहिली. "जुन्या कपाटात मधाची बरणी सांडावी ना, तसं."

थोरली ताडकन उठली. अगदी हेच! इतकी वर्षं तिला ते कळत होतं, पण असं सांगता कधी आलं नव्हतं. "मग गोडबोलं निम्मं कर, तिथे म्हातारी घाल. खडूस नेहमीइतकं. रडकं थोडं हात राखून."

दोघींनी त्या हिशेबाने फळं किसली, फडक्यात पिळली. धाकटीने वाटीतला रस घोट घोट प्यायला. "आधी गोड. मग दातांना जरा झिणझिण्या. तुरटपणा सगळ्यात शेवटी येतो, आणि आता वाटी तुम्हाला द्यायला जिवावर आलंय."

"झालं तर मग," थोरली म्हणाली आणि मनातल्या मनात हात जोडले.

संध्याकाळपर्यंत चरक फिरत होता. पहिली धार भांड्यात पडली तशी नवऱ्याने बोट बुडवून चाखलं. "यंदा अगदी जमलंय तुझं."

"दोघींचं आहे," थोरली म्हणाली. त्याने चरक फिरवता फिरवता नुसती मान डोलावली.

रात्रीच्या जेवणाला धाकटीने सफरचंदं पुन्हा भाजली. वाढायच्या आधी ती थोरलीच्या कानाशी लागली. "साखर बेताची आहे. दालचिनी मात्र मुद्दाम जास्त घातलीय. तुम्हाला बोलायला काहीतरी हवं ना."

थोरलीने एक घास घेतला, सावकाश चावला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बरंय," ती म्हणाली. "पण किती ती दालचिनी!"

दिराने सुस्कारा सोडला आणि बशी पुढे केली. धाकटी मान खाली घालून वाढत होती. तिच्या गालाला खळी पडली होती.