पियानोच्या आधी

राजनंदिनी फोनवर ठरलेलं एकच वाक्य बोलते, "आई, मी बरी हाय." तिच्या आईचा, म्हणजे माझ्या पार्वतीचा, त्यावर काडीचा विश्वास नाही. पोरीला लहानपणी दमा होता. पार्वती तिच्या पाठीला कान लावून बसायची, आत शिट्टी वाजली की मला हलवून उठवायची. आता पोरगी पुण्यात पियानो वाजवते. तिथल्या धुरानं दमा परत आला आणि ती लपवतेय, हे पार्वतीच्या डोक्यात पक्कं बसलंय.

परवा पोरीनं रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा पियानो आणि चौघांची तारांची वाद्यं. सोबत निरोप: पाच स्पीकर लावा, मधोमध बसा, आम्ही तुमच्याभोवती बसून वाजवतोय असं वाटेल.

आमच्या जवळा बाजार गावात असलं काम अन्सारचं. तो लग्नात डीजे लावतो. आमच्यासाठी त्यानं घरचे छोटे स्पीकर आणले. म्हणाला, "उकंडकाका, लग्नातले आणले तर तुमचे पत्रे उडतील."

त्यानं मधोमध खुर्ची मांडली. पार्वती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली, फोटो काढायचा असल्यासारखी. चहूकडून सूर आले आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. पार्वती मात्र उठली.

"राजी कोणत्या डब्यात हाय?"

"मागच्या उजव्या. पन मावशी, मधातून उठू नका, मजा जाते."

ती मागच्या स्पीकरपाशी खाली बसली आणि त्याला कान लावला. "पयल्यापासून लाव. वाजवायच्या अगुदरचं ऐकू दे."

अन्सारनं लावलं. पार्वतीचा चेहरा उतरला. "घरघर येऊन राहिली."

मी वर पाहिलं आणि आमचा जुना पंखा बंद केला. "आता ऐक."

अन्सारनं पुन्हा लावलं. बोटं पट्ट्यांवर पडायच्या आधी एक श्वास आला. लांब, मोकळा. मलाही ऐकू आला. पार्वतीनं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग डोळे पुसून खुर्चीत येऊन बसली.

"वाजू दे आता," ती म्हणाली.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "आई, कसं वाटलं?"

"लई चांगलं. पन पयले तुजा श्वास ऐकला."



"रेकॉर्डिंगवाले तेवढा कापून राहिले होते," पोरगी म्हणाली. "मी कापू दिला न्हाई. म्हणलं, माझ्या आईला तोच ऐकायचा हाय."