पाळण्याच्या कडीची सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि तुम्हाला मी कधी दिसूही नये. स्लॅबच्या पोटातली सळई ज्या दिवशी खालून दिसू लागते, त्या दिवशी त्या घराचं काही खरं नसतं.

घोडेगावजवळच्या वस्तीवर सूर्यभानअण्णांनी घर बांधायला काढलं, तेव्हा मी ट्रॅक्टरमधून इथे आले. काय माझा तोरा होता तेव्हा! सेंट्रिंगच्या पत्र्यांवर आम्हा बहिणींची जाळी बांधली गेली. अण्णांच्या पत्नी लंकाबाईंनी हौसेने नेमकी माझ्याच अंगाला एक कडी अडकवून घेतली. "पुढं नातवंडांचा पाळना टांगाया व्हईल," त्या म्हणाल्या. मी फुशारून गेले.

काँक्रीट कालवायच्या आधी सहादेव मिस्त्रींनी विहिरीचं पाणी जिभेला लावून पाहिलं. "अण्णा, पानी खारट हाय वं."

"उसाला चालतंय, मग शिमिटाला काय धाड भरलीय?" अण्णा हसले. मिस्त्रीही हसले. गोड पाणी लांबून आणावं लागे, ते पिण्यालाच पुरत नसे. माझ्याखाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळेही घाईत कमी पडले, त्यामुळे माझ्या अंगाखाली काँक्रीटचा थर जेमतेमच बसला. पुढे अण्णांनी स्लॅबवर वाफे बांधले आणि त्यात तेच पाणी रोज तुडुंब भरलं. येणारा-जाणारा म्हणे, "स्लॅबला पानी मारावं तर अण्णांनी!" मलाही ते कौतुक गोड वाटायचं.

सिमेंटच्या कुशीत लोखंडावर एक नाजूक पापुद्रा धरतो, मित्रांनो. तो असतो तोवर गंजाची काय बिशाद! पण पाण्यातलं मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरून राहिलं आणि त्याने तो पापुद्रा हळूहळू फोडला. गंजलं की लोखंड झिजतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, हे फार कोणी सांगत नाही. मी आतून बारीक होत होते आणि माझ्यावरचा गंज फुगत होता. त्याने खालच्या काँक्रीटला तडा गेला. तड्यातून हवा आणि ओल आत आली, आणि गंज आणखी वाढला.

कडीभोवती तांबूस डाग उमटला, तेव्हा मला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. अण्णांचा मुलगा हनुमंत सुप्याच्या कारखान्यातून सुट्टीला आला होता. "वरनं गळत आसंल," म्हणून त्याने डागावर सिमेंट फासलं आणि वर झकास रंग मारला. डाग झाकला गेला आणि माझ्या जिवाला घोर लागला.

मग सत्यशीला, अण्णांची लेक, बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. सगळं घर हरखलं, मी मात्र धास्तावले. आता पाळणा येणार, आणि तो माझ्याच कडीला लागणार!

बारशाच्या सकाळी लंकाबाई जळमटं काढत होत्या. झाडूचा दांडा छताला लागला आणि त्या थबकल्या. "हनुमंता, हितं पोकळ वाजतंय रं."

"आई, जुना स्लॅब हाय, वाजनारच. तू बायकांचं बघ."

अहो, पुन्हा एकदा वाजवा! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण सळईला कुठला आवाज? पाळणा टांगला गेला. बायका जमल्या. बाळ सत्यशीलाच्या मांडीवर हातपाय हलवत होतं. त्याला पाळण्यात घालायच्या आधी, रीतीप्रमाणे, लंकाबाईंनी वरवंट्याला कुंची घातली, त्याला पाळण्यात निजवलं आणि झोका दिला. कडी करकरली. दुसऱ्या झोक्याला माझं सगळं बळ सरलं.

काँक्रीटची भली मोठी खपली थेट पाळण्यात कोसळली. वरवंट्यावरची कुंची फाटली, पाळण्याची एक बाजू मोडून लोंबू लागली. मग सत्यशीलाने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती किंचाळत अंगणात पळाली.

अण्णा मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मी उघडी पडले होते, जागोजागी काडीएवढी उरलेली. "म्या तर ह्याला लेकरागत पानी पाजलं," ते पुटपुटले. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. लंकाबाईंनी त्यांना हाताला धरून ओढत बाहेर नेलं.

सहादेव मिस्त्री येऊन हातोडीने सगळं छत वाजवून गेले. ते जिकडेतिकडे पोकळच वाजलं. त्यांनी घर मोकळं करायला सांगितलं. आता सगळे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, आणि मुलीचं नाव तिथेच संस्कृती ठेवलं.

मित्रांनो, बांधकामाला पाणी द्या, पण ते कसलं आहे ते आधी तपासून घ्या. छतावर तांबूस डाग दिसला, तर त्याला रंगाने गप्प करू नका. जाणकाराला बोलवा. आम्ही एकदाच बोलतो, आणि तेव्हा खाली कोण असेल ते आमच्या हातात नसतं.

काल लंकाबाई पिठाचा डबा न्यायला धावत आत आल्या. डबा काही केल्या सापडेना. राहू दे तो डबा, बाई, बाहेर पळ, असं मी मनातल्या मनात विनवत होते. त्या अंगणात पोचल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घर भरलेलं असावं, असं प्रत्येक छताला वाटतं. मी मात्र रोज एवढंच मागते, की माझ्याखाली कोणी नसावं.