‘म्हणून’भोवतीचा गोल

"सर, आकडं बोलत्यात. आपण कशाला बोलायचं?"

दादासाहेबांनी लॅपटॉप धम्मपालकडे फिरवला. पडद्यावर दोन खांब उभे होते. निळा खांब सकाळच्या बॅचचा, पार वरपर्यंत गेलेला. पिवळा संध्याकाळच्या बॅचचा, त्याच्या गुडघ्याशी बसलेला. वर लिहिलं होतं: एमबीए प्रवेश, सराव परीक्षा.

"दोन्ही बॅचला शिकवणारे तुमीच. नोट्स त्याच, फळा तोच. तरी सकाळची पोरं वर आन् संध्याकाळची खाली. म्हणून सांगतो, दोष तुमचा न्हाई सर. त्या कंपनीच्या पोरांत मूळचंच न्हाई. रविवारपासून ती बॅच बंद करू. व्हिडिओ देऊन टाकू त्यांना, बसतील घरी बघत."

निगडीत बसस्टँडच्या समोर हा क्लास होता. इमारत दादासाहेबांची, क्लासही त्यांचाच. धम्मपाल तिथं रिझनिंग शिकवायचा. एखाद्यानं केलेला युक्तिवाद कुठं गळतो, कुठल्या एका प्रश्नाच्या उत्तरावर तो तरतो किंवा बुडतो, हे शोधायचे प्रश्न परीक्षेत येतात. ते शिकवण्यात त्याचा हातखंडा होता. आता समोरच्या युक्तिवादात बैलगाडी जाईल एवढं भगदाड त्याला दिसत होतं. पण ते त्यानं दाखवलं नाही.

आणि का दाखवलं नाही, हे त्याला कळत होतं, हेच वाईट. दोष तुमचा नाही, हे त्याला आवडलं होतं. दादासाहेबांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तो चढलाही होता. वर दादासाहेब म्हणाले, "नव्या फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकतोय. ह्यो एवढा मोठा."

"बघू," धम्मपाल म्हणाला आणि उठला.

जिना चढताना मात्र त्याचं डोकं तापायला लागलं. ‘मूळचंच’ हा शब्द त्यानं परभणीकडच्या आपल्या गावात लहानपणापासून ऐकला होता. कुणाविषयी ऐकला होता, ते सांगायला नको. शाळेत पहिला आला तेव्हा मास्तरांनी पाठ थोपटून, "तू अपवाद आहेस बरं का," असं कौतुक केलं होतं. त्या कौतुकाचा अर्थ कळायला त्याला पुढं बरीच वर्षं लागली. आज त्याच जातीचं कौतुक पुन्हा पदरात पडलं होतं आणि तो ते घेऊन मुकाट्यानं जिना चढत होता.

संध्याकाळची बॅच भरत होती. कंपनीच्या बसेस भक्ती-शक्ती चौकात सोडतात, तिथून पोरं चालत यायची. चाकणची पहिली पाळी करून आलेली, कुणाच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट, कुणाच्या गळ्यात ओळखपत्र. कंपनीत त्यांना टोकन नंबरावर ओळखतात, हे धम्मपालला पहिल्या दिवशी कळलं होतं. तेव्हापासून या बॅचची हजेरी तो पूर्ण नाव घेऊन घ्यायचा, तीही तोंडपाठ. सकाळच्या बॅचला हजेरी नव्हती, तिथं अंगठा लावायचं यंत्र होतं.

हजेरी झाली आणि तो फळ्याकडे वळला. पुस्तकातला उतारा सोडून त्यानं मराठीत लिहिलं: ‘एका शिक्षकाच्या दोन बॅच आहेत. शिक्षक तोच, नोट्स त्याच. पहिल्या बॅचचा निकाल दुसरीपेक्षा फार वर आहे. म्हणून दुसऱ्या बॅचमधल्या मुलांची कुवतच कमी आहे.’

"काय करायचं पहिलं?"

"म्हणूनला गोल," सगळे एका सुरात म्हणाले.

इंग्रजी पेपरात तो शब्द कुठल्याही वेषात येवो, धम्मपाल त्याला म्हणूनच म्हणायचा. म्हणून दिसला की थांबायचं. पुढं असतो तो निष्कर्ष, मागं असतं ते कारण, आणि मधे एक फट असते. बोलणारा तिच्यावरून उडी मारून गेलेला असतो. आपण त्या फटीत वाकून बघायचं. त्यानं लाल मार्करनं गोल काढला आणि खाली चार पर्याय लिहिले.

"युक्तिवाद पारखायला यातलं काय विचाराल? अ, वर्ग कितव्या मजल्यावर भरतात? ब, शिक्षकाला अनुभव किती? क, दोन्ही बॅचच्या मुलांची तयारी सुरुवातीला सारखी होती का, आणि अभ्यासाला वेळ सारखा मिळतो का? ड, दुसऱ्या बॅचमधल्या मुलांना एमबीए करायची तळमळ आहे का?"

"ड!" गणराज मागच्या बाकावरून ओरडला. तो कंपनीत प्रेसशॉपला, पत्रे ठोकायच्या मशीनवर होता आणि आवाज तिथलाच घेऊन यायचा. "सर, तळमळ लागतेच की राव!"

"बरं, लावून बघू. तळमळ आहे, असं उत्तर आलं. कुवत वाढली?"

"न्हाई."

"तळमळ नाही, असं आलं. कुवत कमी आहे हे ठरलं?"

"तसंबी न्हाई."

"मग तराजूचा काटा जागचा हलला नाही. पर्याय वाचून गहिवर येतो, म्हणून तो बरोबर ठरत नाही, गणराज. हो लावून बघायचं, नाही लावून बघायचं. एकदा काटा इकडं गेला पाहिजे, एकदा तिकडं. दोन्ही वेळा हलला तोच खरा प्रश्न. आपलं मत, आपली दया, सगळं घरी ठेवून यायचं."

खिडकीजवळची सोनल शांतपणे म्हणाली, "सर, क."

सोनल चाकणजवळच्या गावची. घरची शेती एमआयडीसीत गेलेली, आणि ती त्याच एमआयडीसीत तपासणीच्या लाइनवर उभी. दरवर्षी नवा ट्रेनी साहेब येई, त्याला लाइन समजावून देणं हिच्याकडे असे, आणि वर्ष सरलं की तोच हिच्या रजेच्या अर्जावर सही करी. एकदा आपल्यालाही त्या खुर्चीत बसायचंय, एवढ्यासाठी ती इथं येत होती.

"सारखी असली तर युक्तिवाद जोरात," ती म्हणाली. "सारखी नसली तर गळून पडला. सकाळच्या बॅचला चाळणी परीक्षा घेऊन घेत्यात. आमाला कुणी चाळलं न्हाई. ते दिवसभर अभ्यास करत्यात, आमी दिवसभर उभं असतो." मग ती थांबली. "सर, ही आमचीच बॅच हाय ना?"

धम्मपालनं मार्करचं टोपण लावलं आणि सांगून टाकलं. रविवारपासून बॅच बंद. व्हिडिओ मिळतील.

"आन् परीक्षा दोन महिन्यांवर आलीय!" गणराज उठून उभा राहिला. "व्हिडिओला काय घंटा विचारायचं, आमचं कुठं चुकलं म्हणून?"

सोनल बसल्या जागी म्हणाली, "सर, तुमी क विचारला का सायबांना?"

इतक्या साध्या आवाजात त्याला कुणी कानफटात मारली नव्हती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ‘बघू’ म्हणून उठून आलो.

"नाही विचारला," तो म्हणाला. "आता जातो."

दादासाहेब फोनवर होते. धम्मपालनं फोन संपायची वाट पाहिली नाही. राग आला की त्याच्या तोंडून परभणी बाहेर पडायची, तशी ती पडली.

"साहेब, कशाची तुलना कशाशी करायलात तुम्ही? सकाळची पोरं निवडून घेतलेली, ही पोरं पाळी करून यायलेत. सुरुवात सारखी नाही, वेळ सारखा नाही. मग कुवत कमी हे ठरवलं कुणी? पहिल्या दिवसाचे मार्क काढा आणि आजचे काढा. कोण किती वर चढलं ते बघू. पोरं चढलेली नसतील तर मी स्वतः बॅच बंद करतो."

दादासाहेबांनी फोन खाली ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतो? पण सर, फ्लेक्सवर शंभर टक्के लिहायचंय. ही पोरं धरली तर शंभर भरत न्हाईत. पालक फ्लेक्स वाचून येतो. चढलं किती, उतरलं किती, कोण इचारतंय? बॅच बंद करायचं दिवाळीलाच ठरलंय. कारण तेवढं शोधायचं ऱ्हायलं होतं."

कारणावरून निष्कर्ष निघतो, एवढंच धम्मपालनं आजवर शिकवलं होतं. इथं निष्कर्ष आधी ठरला होता आणि कारण मागाहून भाड्यानं आणलं होतं. त्या कारणासाठी पोरांच्या कुवतीला हात घातला, साहेबांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. अशा माणसापुढं क ठेवा नाहीतर ड, काटाच नसेल तर हलणार काय?

वर येऊन त्यानं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पोरांनी फार आरडाओरडा केला नाही. दारातून जाताना गणराज म्हणाला, "जाऊ द्या सर, तुमची तरी नोकरी ऱ्हायली," आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सोनलनं डबा पिशवीत टाकला, फळ्यावरच्या लाल गोलाकडे एकदा पाहिलं आणि चाकणची बस गाठायला निघून गेली.

धम्मपाल नोकरीवर राहिला. थेरगावचं भाड्याचं घर, मुलीची दहावी, म्हणून राहिला. त्या म्हणूनला गोल काढायचं धाडस त्याच्याकडून त्या आठवड्यात झालं नाही.

रविवारी सकाळी तो चहा घेत असताना फोनवर सोनलचा निरोप आला. शब्द एकही नाही, नुसता एक फोटो. निगडी बसस्टँडसमोर लागलेला नवा फ्लेक्स. कोपऱ्यात धम्मपालचा चेहरा, दादासाहेब म्हणाले होते तेवढाच मोठा. शेजारी ठळक अक्षरांत: ‘सराव परीक्षेत आमच्या शंभर टक्के विद्यार्थ्यांना नव्वदच्या वर पर्सेंटाइल! म्हणून आमचाच क्लास!’ आणि त्यातल्या ‘म्हणून’भोवती, फोनवर बोटानं काढलेला, थोडा वाकडा लाल गोल.

चहा तसाच राहिला. त्याला स्वतःची इतकी चीड आयुष्यात आली नव्हती.

सकाळच्या बॅचमध्ये त्यानं पुस्तक उघडलंच नाही. फ्लेक्सवरची दोन वाक्यं फळ्यावर उतरवली, मधल्या शब्दाला गोल काढला आणि विचारलं, "हे पारखायला काय विचाराल?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली. बाहेरच्या पॅसेजमधून दादासाहेब नवे पालक घेऊन चालले होते. ते दाराशी थबकले.

पहिल्या बाकावरच्या स्वराजनं हात वर केला. प्राधिकरणातल्या बंगल्यातला, हुशार मुलगा. "सर, टक्केवारी काढायच्या आधी कुणाला यादीतून काढलं का?"

"नाही, असं उत्तर आलं तर?"

"मग दावा टिकतो."

"हो आलं तर?"

"मग शंभर टक्क्यांना काही अर्थच नाही."

"शाबास," धम्मपाल म्हणाला. "परीक्षेत तुम्हाला इथंच थांबायचं असतं. खरं उत्तर काय, हे तिथं कुणी सांगत नाही. आज मी सांगतो. उत्तर ‘हो’ आहे."

कुणीच हसलं नाही. तो फळ्याकडे वळला आणि दोन वाक्यांच्या खाली लिहायला लागला. पहिलं नाव सोनलचं, पूर्ण. मग गणराजचं. मग बाकीच्यांची, एकेक करून, ज्या क्रमानं ती पोरं बसायची त्याच क्रमानं.

"सर," दारातून दादासाहेबांचा आवाज आला. पालकांच्या देखत त्यांनी तो गोड ठेवला होता. "जरा केबिनमध्ये येता का?"

"येतो," धम्मपाल मागं न वळता म्हणाला. "हजेरी चाललीय. तेवढी होऊ द्या."

आणि त्यानं पुढचं नाव लिहिलं.