मोठ्या माणसाला सांग

रविवारी सकाळी वेल्डा प्रुइट आरशासमोर उभी राहून कमरेशी झटापट करत होती. तिच्या वयाच्या बायका आरशासमोर पोट झाकतात, ही पिस्तूल झाकत होती. एरवी ते सोपं असे. जाड जीन्स, आत खोचलेलं होल्स्टर आणि वरून नवऱ्याचा जुना ढगळ शर्ट. पण आज चर्चचा होमकमिंगचा रविवार. गाव सोडून गेलेली माणसंसुद्धा आज जेवायला परत यायची, आणि निळा झगा घातल्याशिवाय भागणार नव्हतं. झग्याला ना पट्टा, ना खिसा. तिने पोटाभोवती रुंद इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला, त्याच्या कप्प्यात पिस्तूल सरकवलं, एकदा वाकून बघितलं, एकदा बसून बघितलं. दिसत नव्हतं. टोचत मात्र होतं.

"अगं, किती वेळ?" बाहेरून रॉइस ओरडला. "लग्न आहे का तुझं?"

"तुझ्याशी एकदा केलं तेवढं पुरे झालं!"

तो मोठ्याने हसला. म्हणजे आज त्याचं डोकं ठिकाणावर होतं. दुसऱ्या कुणा बाईला आनंद झाला असता. वेल्डाने पट्टा आणखी घट्ट ओढला.

टेनेसीच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात अंगावर पिस्तूल बाळगणाऱ्या निम्म्या माणसांना रॉइसनेच शिकवलं होतं. चर्चच्या तळघरात तो वर्ग घ्यायचा आणि मागच्या माळावर नेम धरायला लावायचा. वेल्डाचं पिस्तूल घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने काउंटरवर एक गुलाबी खेळणं ठेवलं होतं. 'बायकांना हेच आवडतं,' म्हणाला. रॉइस म्हणाला, "बायकोला विचार की मग." ती आख्खा शनिवार माळावर उभी राहिली. एक पिस्तूल मनगटाला हिसडा द्यायचं, दुसऱ्याची वरची सरकती स्लाइड तिच्या संधिवाताच्या अंगठ्यांना ओढवेना, तिसरं हातात मावेना. मग हे सापडलं, पातळ, काळं, साधं. हातात घेतलं आणि बिस्किटांचं लाटणं धरल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तेच तिचं लाडकं. रॉइस चिडवायचा, "नवरा हरवला तरी चालेल हिला, पण ते नको हरवायला."

मग डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं. एका संध्याकाळी ओसरीवर शेंगा सोलताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, रॉइस म्हणाला, "वेल्डा, तुझं नाव विसरायच्या आधी मी माझा निकाल लावून टाकीन. सामान घरात आहेच."

तिने शेंगा तशाच टाकल्या. दुसऱ्याच दिवशी चर्चची व्यवस्था पाहणारा डीकन गार्लंड त्याचा ट्रक घेऊन आला आणि रॉइस झोपलेला असताना दोघांनी घरातल्या सगळ्या रायफली आणि पिस्तुलं हलवली. रॉइसला सांगितलं, साफसफाईला दिलीत. त्याने काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

एक राहिलं होतं, तिचं. गार्लंडने हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "हे घरात नसतंच रे, अंगावर असतं." खोटं नव्हतं ते. आंघोळीला जाताना कडी लावून ती ते टॉवेलाखाली ठेवी, झोपताना गाउनच्या आत बांधी. पण सगळं खरंही नव्हतं. घर दरीच्या टोकाला, शेजार लांब, रात्री कुत्रं भुंकलं तरी ती उठून बसायची, आणि आता रॉइसच्या भरवशावर राहता येत नव्हतं. ते अंगावर असलं तर नवऱ्याची भीती, नसलं तर जगाची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. वर्षभर ती अशी जगत होती, आणि तिच्या कमरेवर उजव्या बाजूला कायमचा वळ उठला होता.

चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी, राजम्याची भाजी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. वेल्डाने रॉइसला स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या खुर्चीवर बसवलं.

"इथून हलायचं नाही हं."

"हो बाईसाहेब. शाळेत आल्यासारखं वाटतंय."

ती आत गेली. एकच खोली होती, मोठी, आतून कडी. जीन्स असली की पिस्तूल होल्स्टरमध्येच राहायचं, विजारीसकट गुडघ्याशी. रॉइस वर्गात हेच घोकून घ्यायचा. कागदाच्या डब्यावर ठेवायचं नाही, टाकीवर ठेवायचं नाही, खुंटीला अडकवायचं नाही, मेलात तरी नाही. बायका लाजून हसायच्या, तो हसायचा नाही. पण आज झगा आख्खा वर घ्यावा लागला, तो पट्टा घसरला, पिस्तूल कप्प्यातून निसटायला आलं. तिने ते काढलं आणि कागदाच्या डब्यावर ठेवलं. क्षणभरच.

दारावर थापा पडल्या. "मिस वेल्डा! लवकर! मला घाईची लागलीय!"

गार्लंडची नात टॅन्सी. पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणत. वेल्डाने घाईघाईने झगा खाली ओढला, पट्टा वर सरकवला, हात धुतले न धुतले आणि दार उघडलं. पोरगी तिच्या हाताखालून आत घुसली. तेवढ्यात पुडिंगच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, चमचे कुठे आहेत म्हणून. वेल्डा गेली. चमचे काढले, दोघीतिघींना मिठ्या मारल्या, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. मग पुडिंगचं भांडं उचलताना तिचं कोपर कमरेला लागलं.

कमर मऊ लागली.

भांडं तिने खाली ठेवलं. कसं ठेवलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. ती धावली नाही, कारण धावणारी बाई सगळ्यांना दिसते. स्वच्छतागृहात कुणी नव्हतं. कागदाच्या डब्यावर कागद होता. टाकीवर काही नव्हतं, जमिनीवर नव्हतं, कचऱ्याच्या टोपलीत तिने कोपरापर्यंत हात घातला, तिथेही नव्हतं.

टॅन्सी टेबलाखाली बसून कोंबडीची तंगडी खात होती. वेल्डा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"टॅन्सी, बाळा, आत तुला काही दिसलं?"

"मी हात नाही लावला!" पोरगी लगेच म्हणाली. "देवाशप्पथ!"

"शहाणी माझी. मग काय केलंस?"

टॅन्सीने तंगडी खाली ठेवली आणि वर्गात म्हणतात तसं सुरात म्हणून दाखवलं, "हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग."

गावातल्या प्रत्येक पोराला ते पाठ होतं. रॉइसनेच याच तळघरात त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

"कुणाला सांगितलंस?"

"मिस्टर रॉइसना! ते दारातच होते. ते म्हणाले शाब्बास. मला पेपरमिंट दिली."

वेल्डाने मागे वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रॉइसची टोपी होती.

ओरडावं तर इथे शर्टांखाली निदान डझनभर पिस्तुलं होती. रॉइस प्रुइटकडे हत्यार आहे, एवढं कानावर पडलं असतं तर बारा हात कमरेकडे गेले असते, आणि ते हात त्यानेच तयार केलेले होते. न ओरडावं तर तो कुठे, काय करतोय, देव जाणे. डोकं हरवलं असेल तर समोर येईल तो त्याला चोर वाटणार. आणि डोकं ठिकाणावर असेल तर? सकाळचं त्याचं हसणं तिला आठवलं. वर्षभर तिने देवाकडे त्याची आठवण मागितली होती. आज पहिल्यांदा तिने मागितलं, देवा, आत्ता त्याला काही आठवू देऊ नकोस.

जिन्यापाशी गार्लंड भेटला. तिने त्याची बाही धरली.

"पोरांना खालीच ठेव. एकालाही वर सोडू नकोस."

"काय झालं, मिस वेल्डा? चेहरा बघ तुझा."

"विचारू नकोस रे. ठेव फक्त."

बाहेर ऊन लख्ख होतं. गाड्यांच्या रांगा, कुणाचा पत्ता नाही. ती एकेक गाडीत डोकावत निघाली. प्रत्येक काचेपाशी तिला वाटायचं, आता आवाज येईल. आवाजाच्या आधी आपण पोचलो तर बरं, की नंतर पोचलो तर बरं, असाही विचार मनात येऊन गेला, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

तो शेवटच्या रांगेत, त्यांच्याच ट्रकमध्ये बसला होता. दार उघडं होतं, एक पाय बाहेर लोंबत होता. पिस्तूल मांडीवर, उजवा हात त्याच्यावर.

"ये, वेल्डा," तो म्हणाला.

त्याने नाव घेतलं. त्याला सगळं कळत होतं. तिला किंकाळी फोडावीशी वाटली. ती जागच्या जागी उभी राहिली, कारण एक पाऊल पुढे टाकलं तर काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं.

"रॉइस, ते माझं आहे. दे इकडे."

"माहीत आहे तुझं आहे ते." त्याची नजर पिस्तुलावरच होती. "वर्षभर माहीत आहे. रात्री तुझ्या कमरेवर हात ठेवला की तू दचकतेस. मी काही बोललो नाही. एवढी जपतेस, म्हटलं जपू दे."

"दे ना रे."

"मी तुला द्यायलाच उठलो होतो. पोरांच्या हाती लागू नये म्हणून. जिना चढलो आणि विसरलो, कुणाला द्यायचं होतं ते. इथे येऊन बसलो. आणि मग…" तो थांबला. "मग दुसरंच आठवलं. त्या शेंगांच्या दिवसाचं."

त्याची बोटं मुठीवर वळली. वेल्डा रडू लागली आणि रडत असतानाच तिच्या तोंडून तो आवाज निघाला. तिचा नव्हताच तो, माळावरच्या त्याच्या वर्गातला होता, खणखणीत.

"थांब!"

रॉइसचं बोट चापापासून दूर, सरळ झालं. डोक्याने ऐकायच्या आधी बोटाने ऐकलं.

"काढ!"

गोळ्यांचं मॅगझिन निघून त्याच्या मांडीवर पडलं. स्लाइड मागे गेली, आतली गोळी उडून खाली खडीत पडली. नळी जमिनीकडे, मनगट ताठ, हजारदा शिकवलं होतं तसंच.

"दाखव!"

त्याने उघडं पिस्तूल तिच्यापुढे धरलं. तिने आत बघितलं. रिकामं होतं.

"पुन्हा बघ," तो म्हणाला. प्रत्येक विद्यार्थ्याला तो हेच म्हणायचा.

तिने पुन्हा बघितलं, बोट आत घालून चाचपलं आणि पिस्तूल काढून घेतलं. तेव्हा कुठे ती ट्रकच्या पायरीवर बसली.

"डब्यावर ठेवलं होतंस ना?" रॉइसने विचारलं. "कागदाच्या?"

"हो."

"नापास."

ती रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. तो खाली उतरला, कण्हत तिच्या शेजारी बसला आणि खडीतली गोळी शोधून तिच्या हातात ठेवली. चर्चच्या दारात गार्लंड येऊन उभा राहिला होता. पुढे यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"तो गार्लंड आहे ना?" रॉइस म्हणाला. "बाकीची त्याच्याकडेच नेऊन ठेवलीस?"

"हो."

"मग हेही दे. आत्ताच, मला कळतंय तोवर."

"आणि रात्री मला भीती वाटली की?"

"कुत्रं आहे. मी आहे. मी काय कामाचा ते सोड, पण आहे." त्याने तिचा हात पिस्तुलासकट घट्ट धरला आणि सोडला. "ऐक, वेल्डा. उद्या मी हे सगळं विसरेन. माझी सगळी हत्यारं परत मागेन. चोर म्हणेन तुला, रडून मागेन. तेव्हा देऊ नकोस. मीच सांगितलंय म्हण."

"तुला पटणार नाही ते."

"नाहीच पटणार," रॉइस म्हणाला. "तरी सांग."

वेल्डा उठली आणि गार्लंडकडे चालू लागली.